नवा स्टॉक

सरकारी साहेब, तुम्ही आमच्या धडधाकट मेंढ्या मारल्यात. लाळ्या-खुरकूत खालच्या खोऱ्यात होती, बर्केटच्या गोठ्यात. आतलं प्रत्येक जनावर मारायचं म्हणून तुम्ही त्याभोवती नकाशावर वर्तुळ ओढलंत आणि आमचा डोंगर त्यात सापडला, एवढाच आमचा गुन्हा.

कंब्रियातल्या ह्या डोंगराला कुंपण नाही, कधी नव्हतंच. कोकरू आईमागे हिंडत आपली हद्द शिकतं, पुढे आपल्या कोकराला शिकवतं. शेताचा मालक बदलला तरी कळप डोंगरावरच राहतो.

तुमचा जनावरांचा डॉक्टर पांढरा प्लास्टिकचा सूट चढवून अंगणात उभा राहिला. माझा थोरला भाऊ नॉर्मन त्याला म्हणाला, "वर्तुळ मेंढ्यांना दाखवलंस का? बाहेर जाऊन उभ्या राहिल्या असत्या बिचाऱ्या."

"मिस्टर रेल्फ, भरपाई मिळेल. मग नवा स्टॉक आणा की."

"स्टॉक दुकानात असतो रे पोरा."

पण पोरगं चुकलं नव्हतं. मी जाडा शब्दकोश काढून बघितलं. स्टॉक म्हणजे आधी झाडाचा बुंधा, तोडल्यावर उरलेला खुंटसुद्धा. बुंध्याला फांद्या फुटतात, म्हणून वंश. त्याच लाकडात गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, तो खोडा. मग साठवलेला माल, गुरंढोरं, बाजारातले शेअर, आणि हाडं उकळून काढलेलं पाणीसुद्धा. शेकडो वर्षं लोकांनी वंश आणि माल एकाच शब्दात नांदवले. तुम्ही त्यातला माल तेवढा उचललात.

कळप खाली आणणं तुमच्या माणसांना जमेना. मेंढ्या खडकांत पांगल्या. "बंदूकवाले वर पाठवतो," म्हणाले. गोळी लागून अर्धमेल्या होऊन घळीत पडतील, म्हणून शेवटी नॉर्मनच कुत्री घेऊन वर गेला. त्याने हाक मारली. गाभण पोटं सावरत त्या खाली आल्या, नेहमीसारख्याच. अंगणाचं फाटकही त्यानेच लावलं.

"नॉर्मन, घरात चल."

"हाक मी मारली, विनी. तू जा."

शेवटची मेंढी पडेपर्यंत तो तिथून हलला नाही. आता तो कुत्रीलासुद्धा हाक मारत नाही.

परवा तुमचा फोन आला. नवा स्टॉक कधी भरताय? दुसऱ्या खोऱ्यातल्या मेंढ्या इथे सोडल्या तर आठवड्यात सडकेवर उतरतील. त्यांच्या आयांनी हा डोंगर पाहिलेला नाही. नॉर्मन म्हातारा झालाय, रात्रंदिवस वर राखण करायला त्याचे गुडघे राहिले नाहीत. भरपाईचं मला सांगू नका. त्या मेंढ्यांना आमची हद्द कोण शिकवणार, ते सांगा. नाव घेऊन सांगा.