राखणदाराची सोय

गुरुप्रसादने हॉलमध्ये बार बांधला आणि शेजारच्या रावजींची पडवी ओस पडली. रोज संध्याकाळी तिथे गप्पा ठोकणारे तिघे मित्र आता निळ्या दिव्यांखाली, उंच स्टुलांवर पाय लोंबकळवत बसू लागले. तळलेल्या कोळंबीचा वास तेवढा रावजींच्या वाट्याला येई.

"बाटली ही काय शोकेसमध्ये मांडायची वस्तू आहे?" ते बायकोला, गोदाकाकूंना म्हणाले. "अभिरुची म्हणून काही असते की नाही?"

रावजींची स्वतःची अभिरुची पिंपात, तांदळाखाली असे. नारळी-पोफळीच्या आगराच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा बाटली द्यायची घरची रीत होती. ती त्याच्याच नावावर घरात येई.

"गुरुप्रसादभावजींचं सगळं उघड्यावर तरी आहे," गोदाकाकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "आपला राखणदार हल्ली महिन्याला एक संपवतो. बिचाऱ्याला कसली चिंता लागलीय कोण जाणे."

दोन दिवसांनी सुतार आला. पडवीत फणसाच्या लाकडाचं, काचेच्या दारांचं कपाट उभं राहिलं. आत दिवाही लागला. निळा मात्र नाही, पिवळा.

"देवाची वस्तू पिंपात बरी दिसत नाही," रावजी म्हणाले. "राखणदाराला मानाची जागा हवी."

"हवीच हो. पण त्याला स्टुलं चार कशाला?"

रावजींनी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं.

"त्याच्याकडे तीनच आहेत," ते म्हणाले.