फिकट निळा शर्ट

धाकटी बहीण मनगटाला प्लास्टर घालून दारात उभी राहिली, तेव्हा ताईने तिच्या हातातली बॅग आत घेतली. नवऱ्याने दारात हात चिरडला, हे तिनेच पुढे जेवता जेवता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचीतरी गोष्ट.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. घरी येईतो पायांचे तुकडे पडलेले असायचे. ती पलंगावर लवंडायची आणि दोघी मालिका बघायच्या. दगडी काळजाचा एक न्यायाधीश तीन पर्वांत हळूहळू माणसात येतो, त्याची ती मालिका. धाकटीची तोंडपाठ होती, तरी ती मध्येच चित्र थांबवायची. आधी हा उंच खुर्चीत बसतो, आता बघ, स्टुलावर आला. कोट काळ्याचा करडा झाला, करड्याचा फिकट.

"खुर्ची मोडली असेल त्यांची," ताई म्हणायची. पण पुढे तिलाही नाद लागला.

फोनवर मालिकावेड्यांचा एक गट होता. तिथे धाकटीला सगळे 'भिंग' म्हणत. तिने काही लिहिलं की अनोळखी माणसं ते मन लावून वाचत. घरात तिचं वाक्य आजवर कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

मग दर रविवारी नवरा येऊ लागला. फिकट निळा शर्ट, आवाज खाली. दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसायचा, चहा घ्यायचा, निघून जायचा.

"पाहिलंस? स्टुलावर बसला," धाकटी म्हणाली.

"सोफ्यावर कपड्यांचा ढीग होता गं."

"उचलून ठेवता आला असता त्याला."

तिने ते सगळं गटात लिहिलं. स्टूल, शर्ट, खाली आलेला आवाज. माणूस असाच इंचाइंचाने बदलतो, अशी उत्तरं आली. ताईने सरळ विचारलं, त्याने माफी मागितली का? तोंडाने नाही, पण वागण्यात दिसतंय ना, असं धाकटीचं म्हणणं. न्यायाधीशाबद्दलही ती असंच बोलायची आणि तेव्हा तिचंच खरं ठरलं होतं. पुढच्या रविवारी धाकटी त्याच्याबरोबर परत निघाली. ताईनेच बॅग खाली नेऊन टॅक्सीत ठेवली.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी वरच्या वॉर्डातली नर्स धुलाईघरात आली आणि ताईला म्हणाली, इस्त्री बंद करा, वर चला.

नवऱ्याने धाकटीचा फोन उघडून गटातलं सगळं वाचलं होतं. आपल्या बसण्याउठण्यावर परकी माणसं चर्चा करतात, हे त्याला सहन झालं नाही. तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. जबडा तारेने बांधलेला. बरेच दिवस धाकटी बोलू शकली नाही. तारा निघाल्या त्या दिवशी मात्र तिने ताईला जवळ बसवून घेतलं.

"बाकीचे शर्ट मळलेले होते, ताई. न्हाणीघरात ढीग पडला होता. धुवायला मी नव्हते, म्हणून तेवढा एकच चांगला उरलेला."

"तुला कधी कळलं?"

"परत गेले त्याच दिवशी. पण गटात सगळ्यांना सांगून बसले होते ना."

ताईने तिच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. आपणच इस्त्री केलेली असणार, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

कान गेला तो गेलाच. गटात काही दिवस 'भिंग कुठाय?' अशी विचारणा झाली. मग नवी मालिका आली आणि विचारणा थांबली.

ताईने पोलिसांत तक्रार केली आणि ती सोडली नाही. सुनावणीला नवरा दाढी करून आला होता, मान खाली घालून. त्याच्या वकिलाने धाकटीच्या डाव्या बाजूला उभं राहून प्रश्न केला. तिला तो ऐकूच आला नाही. वकील पुढे आला आणि आवाज चढवून म्हणाला, "तुमच्या नवऱ्यात झालेला फरक तुम्हाला दिसत नाही का?"

धाकटी समोरच्या कठड्याच्या लाकडाकडे बघत राहिली.

"मी त्याच्याकडे बघितलं नाही," ती म्हणाली.

वकील जागेवर जाऊन बसला. पुढची तारीख पडली. जिना उतरताना ताई तिच्या ऐकू येणाऱ्या, उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, "पायरी बघ."