मास्तरांचं बरं असणं

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि हे मास्तर सोडून सगळ्या घराला मान्य होतं. "वय झालं की हात हलणारच. मान हलत नाहीये ना अजून?" एवढं बोलून ते विषय संपवत. नेहमीच्या डॉक्टरांनी शेवटी मोठ्या शहरातल्या मेंदूच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. तिथली तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. बायकोने कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल पेनाने असा गोल काढला, की मास्तरांना पळवाटच राहिली नाही.

सात तासांच्या बसप्रवासात त्यांची टकळी थांबली नाही. दुकान दोन दिवस बंद, येण्याजाण्याचं भाडं, लॉजची खोली, वर तज्ज्ञांची फी.

"एवढ्यात काजं करायचं मशीन आलं असतं," ते म्हणाले. "आणि माझं काम बिघडलंय का? चार महिन्यांत एक तरी शर्ट परत आला का? सांग."

"नाही आला," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

हा मुद्दा जिंकल्यावर मास्तर शांत झाले आणि शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागले.

दवाखान्यात तीन तास बसावं लागलं. तिथे जो तो दुसऱ्याला किती तासांचा प्रवास झाला हे विचारत होता. एकजण अकरा तास सांगून गेला, तेव्हा आपले सातच तास मास्तरांना जरा कमीपणाचे वाटले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता आणि ते समोरच्या लोकांच्या पँटी नजरेने मापत होते. एकाचीही उंची बरोबर नव्हती.

तज्ज्ञ त्यांच्या निम्म्या वयाचे निघाले. पण शर्ट खांद्यात चपखल बसला होता, म्हणून मास्तरांचं मत चांगलं झालं.

"या काका. काय, बरं आहे?"

"बरं आहे," मास्तर म्हणाले.

तीस वर्षं दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. जिभेला ते इतकं पाठ होतं, की डोक्याला विचारायची गरज पडत नसे.

"शिवताना त्रास होतो?"

"छे. चहा जास्त झाला तर थोडंसं."

बाहेर अजून चाळीस माणसं बसलेली. डॉक्टरांनी पेन उचललं. "मग सध्या एक गोळी देतो. सहा महिन्यांनी बघू."

"काजं मी करते, डॉक्टर," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्यांनी केलेली वेडीवाकडी होतात. दुपारी हे आडवे झाले की मी उसवते आणि परत करते. कॉलरसुद्धा. चार महिने झाले."

मास्तरांना फार लागलं. परक्या माणसासमोर, तेही इतक्या चांगल्या शर्टातल्या, आपली शिलाई उसवल्यासारखं झालं. रागवावं तर कशावर, तेही सुचेना. बायको खाली बघत पिशवीचा बंद पिळत होती. तिला हे बोलायला किती जड गेलं असेल ते त्यांना दिसलं, आणि त्यांचा राग तिथेच निवला.

"चार नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. "वर्ष होत आलं. आधी डाव्या हाताने मनगट धरून शिवायचो. मग तेही जमेना."

बायकोने मान वर केली. "मग बोलला का नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग? मी काय वेगळं केलं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे एकमेकांना सांगायला तुम्ही सात तास प्रवास केलात?"

"दुकानात गिऱ्हाइकं असतात," मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दोन्ही हात समोर धरा. बोटं ताठ."

मास्तरांनी हात पुढे केले. डावा स्थिर राहिला. उजवा हलायला लागला, आणि चांगलाच हलायला लागला. बायकोने त्यावर आपला हात ठेवला.

"काकू, धरू नका. दिसू द्या."

तिचा हात काही निघेना. मास्तरांनीच तो हळूच बाजूला केला आणि आपला हात टेबलावरच्या दिव्याखाली नेला.