भिकुबाईचे बिबडे

"तुहे बिबडे कोनालेच नको आहेत, भिके. मीठ टाकतांना हात आखडते तू."

बेबाबाई हे गच्चीवर सगळ्या बायांदेखत म्हणाली. भिकुबाईच्या हाताला पीठ तसंच होतं. तिने खाटेवर पसरलेलं आपलं लुगडं वर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांसकट गुंडाळलं आणि जिना उतरून गेली.

"जाऊ द्या. खऱ्याचं वाईट वाटतंच," बेबाबाई म्हणाली.

असोदा गावातला वाळवणाचा हा गट तिनेच उभा केलेला. सहा बाया, सहा पदार्थ. शाळा दुसरीत सुटली, जिभेला मात्र कधी सुट्टी नव्हती. यंदा तिच्या नातीने, भाविकाने, गटाची वेबसाइट केली. सहा चौकटी, प्रत्येकीत पदार्थाचा फोटो, खाली 'मागवा' असं बटण. दहा दिवसांत मागण्या भरपूर आल्या, पण सगळ्या शेवटच्या चौकटीतल्या, डिंपलच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांच्या. बाकी पाचही जणींचे हात रिकामेच होते, पण गटाचं नाव बिबड्यांवर चालत आलेलं, म्हणून घाव भिकुबाईवर बसला.

गच्चीवरच्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी बेबाबाईला नाशिकहून एका बाईचा फोन आला. "आजी, मी बिबडे मागवले होते, पापड आलेत."

"तुमीच चुकीचं दाबलं असंन."

"दोनदा मागवले. दोनदा पापडच आले."

भाविका लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळाने मान खाली घालून म्हणाली, "चूक माझी आहे, आजी. चौकटीचा साचा एकच, तो सहा वेळा वापरला. प्रत्येक बटणामागे एकेक राखणदार बसवला, क्लिक झालं की पदार्थाचं नाव सांगायला. पण पाटी सगळ्यांना मिळून एकच दिली. नवीन नाव लिहिलं की आधीचं पुसलं जायचं. शेवटी पाटीवर पापडच उरले. आता कुठलंही बटण दाबा, राखणदार पाटी पाहून पापडच सांगतो."

"आन् तपासलं नाही?"

"तपासलं होतं. शेवटचं बटण दाबून."

बेबाबाईने कपाळाला हात लावला. "गच्चीवर चिमण्या हाकलाले मी सहा बाया बसवते का व? एकटी बसते जिन्यापाशी. चिमनी ज्या खाटीवर उतरली, तिच्यावरचं लुगडं पाह्यते. जिचं लुगडं, तिचा माल. पाटी कसाले पाह्यजे?"

भाविकाने लगेच सहाही राखणदार काढले. साऱ्या चौकटी ज्या एका मोठ्या चौकटीत होत्या, तिच्यावर एकच ठेवला, आणि प्रत्येक चौकटीला तिचं तिचं नाव चिकटवलं. या वेळी तिने सहाही बटणं दाबून पाहिली. कुरडया. शेवया. बिबडे.

"झालं दुरुस्त."

"तुहं झालं," बेबाबाई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

भिकुबाईचं माहेर धुळ्याकडचं. चाळीस वर्षं असोद्यात काढून तिने बोली बदलली नव्हती. अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढवून ती एकटीच बिबड्यांसाठी ज्वारीच्या पिठाचा घाटा हलवत होती. पातेलं डगमगत होतं. समोरच्या नळावर चार बाया पाण्याला उभ्या होत्या.

"यंत्राची चूक होती," बेबाबाई फाटकातूनच म्हणाली. "लोकायनं तुहेच बिबडे मांगलते."

भिकुबाईने वर पाहिलं नाही. "यंत्रनी माले काय म्हनं नही, अक्का. तू म्हननी. बठ्ठ्या बायास्ना म्होरे, गच्चीवर."

बेबाबाई नळाकडे वळली. नळावरच्या बायांचे हंडे भरून वाहत होते, पण कोणी हलत नव्हतं.

"ऐका व," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, पार गल्लीच्या टोकाला जाणारा. "हिचं मीठ बरोबर होतं. चाखल्याबिगर बोलली मी."

बायांनी हंडे उचलले. भिकुबाई लाकडी दांडा फिरवत राहिली. घाटा घट्ट होत चालला होता, एका हाताला आवरत नव्हता. मग तिने पायाजवळचं फडकं बेबाबाईकडे सरकवलं.

"धर. हालू दिऊ नको."

बेबाबाई चुलीपुढे उकिडवी बसली आणि पातेल्याचे दोन्ही काठ धरले. फडकं पातळ होतं. तळवे भाजू लागले, धूर डोळ्यांत गेला. भिकुबाईचा दांडा सावकाश फिरत होता, आणि पातेलं जागचं हललं नाही.