दोनशे वर्षांचं गाणं

विनुताचं ‘वहाण’ हे गाणं मोजून अकरा वर्षांचं होतं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीनं ते दोन महिन्यांत दोनशे वर्षांचं करून टाकलं.

गिटार, मृदंग आणि तंजावरी मराठी, एवढ्या भांडवलावर तिनं अकरा वर्षं काढली होती. कॉलेजांची स्नेहसंमेलनं झाली, चेन्नईतले कॅफे झाले. लग्नाच्या हॉलमध्ये तर ‘सिनेमातलं काहीतरी म्हण’ अशी फर्माईश ठरलेली. मग पुण्याची एक कंपनी आली. तिला तंजावरी गाण्यांचा अल्बम हवा होता. करार आला तो अस्सल मराठीत, देवनागरीत.

इथंच पंचाईत झाली. विनुता मराठी बोलायची, मराठीत गाणी रचायची, पण लिहायची तमिळ अक्षरांत. देवनागरी वाचणारे गल्लीत एकटे हनुमंतराव, तिचे चुलतकाका. कुणाला लग्नपत्रिका आली की ती आधी त्यांच्या चष्म्याखालून जायची. काकांनी करार वाचला, कॉफीचा टंबलर रिकामा केला आणि म्हणाले, “सगळें बरोबर आहे गो. घाल सही.” तिनं तमिळमध्ये सही केली.

अल्बम आला, गाणं चाललं. मृदंगवाल्या मणीनं मोबाइल तिच्यापुढे धरला. “अक्का, इथं ट्रॅडिशनल लिहिलंय. तू नुसती गाणारी. संकलन, हनुमंतराव.”

ती तशीच काकांच्या ओसरीवर गेली.

“तुम्ही करार वाचलात ना काका? हें तुम्हाला दिसलें नाही?”

“दिसलें की. मीच घालायला सांगितलें.” काका जराही हलले नाहीत. “तुझें म्हणून कोण ऐकतो, सांग? इंजिनिअरिंग सोडून गिटार वाजवणारी पोर. जुनें म्हटलें की लोक मांडी घालून बसतात.”

लोक बसले होते, हे खरं. त्या बसण्यात काकांच्या पदरात काय पडलं, तेही पाहून ठेवावं: एक शाल, एक व्याख्यान, पहिल्या रांगेतली खुर्ची आणि पेपरात फोटो. फोटोत विनुता कोपऱ्यात होती, अर्धी कापलेली. गल्लीच्या वाट्याला पूर्वज आले. शेजारच्या शेषम्मांना तर त्यांच्या सासूबाई हे गाणं जात्यावर म्हणत, असं आठवायलाही लागलं.

विनुतानं कंपनीला फोन केला. पुण्याच्या त्या बाई मात्र सरळ निघाल्या. फोनवर म्हणाल्या, “घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की रचना तुमची, तर शुक्रवारपर्यंत नाव बदलून देते. नंतर मात्र अवघड आहे.”

वडीलधारं माणूस घरातच होतं. गाणं रचलं तेव्हा तिची आई कमलाक्षी दोन हातांच्या अंतरावर बसून शेवगा सोलत होती. ‘वहाण राहिली उंबऱ्याशी, पाय कुठे तें पुसूं नका’ ही ओळ तिनं पहिल्यांदा ऐकली, आणि शेंग तिच्या हातातच राहिली. विनुताचा बाप पापनाशमला ड्यूटीवर म्हणून गेला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. तिथं त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं, आणि सगळी गल्ली रोज विचारायची, “तुमचे राव कधी येणार?”

विनुतानं फोन स्पीकरवर टाकला. “अम्मा, सांग ह्यांना. गाणें कोणाचें?”

कमलाक्षीनं पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसले.

“माझी आजी म्हणायची,” ती म्हणाली.

पुण्याच्या बाईंनी दोन वेळा विचारलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तर आजीचं माहेरही घातलं. बाई संकोचून म्हणाल्या, “मग राहू दे हं,” आणि फोन बंद झाला.

“काकांनी शिकवलें तुला?”

“कोणी नाही शिकवलें.”

“तुझ्यासमोर रचलें मी! ह्याच स्वयंपाकघरात!”

“म्हणूनच.” कमलाक्षीनं वर पाहिलं नाही. “अकरा वर्षें तू जिथे तिथे तें म्हणतेस, आणि लोक माझ्या तोंडाकडे बघतात. आतां दोन महिने झाले, कोणी बघत नाही. जुनें झालें तर तें माझें नव्हे, कण्णा. कोणा मेलेल्या बाईचें.”

“आणि माझें?”

“तुला दुसरें येतें रचायला. मला दुसरा जन्म येतो का?”

काकांवर ओरडता आलं होतं. इथं ओरडायलाही जागा नव्हती. विनुता खोलीत गेली. शुक्रवार आला आणि गेला. काकांना कुंभकोणमहून दुसऱ्या व्याख्यानाचं आमंत्रण आलं.

रविवारी सकाळी, गल्ली भाजी घेत असताना, ती गिटार घेऊन दारातच बसली. गाणं नवं होतं. ह्याला कोणी जुनं म्हणणार नाही, एवढी खबरदारी तिनं ओळीओळीत घेतली होती. पहिल्या ओळीत कमलाक्षीचं नाव, दुसरीत दाराचा नंबर, तिसरीत बापाचं ऑफिस आणि तो गेला ती तारीख.

भाजीवाल्याचा तराजू हवेतच राहिला. शेषम्मा कठड्याशी आल्या. आतून कमलाक्षी धावत आली, तिचा हात पिठानं भरलेला होता. “हें नको,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या पायां पडतें, हें नको म्हणूस.”

विनुतानं तिच्याकडे पाहिलं, आणि चौथी ओळ वरच्या पट्टीत घेतली.