बाईंची शेवटची संधी

या, जरा जवळ सरकून बसा. आज तुम्हाला एका बोगद्याची गोष्ट सांगतो, आणि त्यातल्या दोन मिनिटांची.

बोगदा जमिनीखाली, गोल. त्यातल्या नळीतून अणूंचे कण प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळवायचे. कण पळत असताना आत जिवंत माणूस सापडला, तर त्याचं काही खरं नाही. म्हणून साधा नियम होता. आत जाणाऱ्याने दारावरच्या फळीतून एक चावी काढायची, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने परत लावायची. फळी भरल्याशिवाय यंत्र चालू होतच नाही.

त्या दिवशी पंप दुरुस्त करायला दोघे आत गेले होते, दाजी आणि त्यांचा मेहुणा. काम आटोपून दारापाशी आले, तर दाजींना पंपाच्या दाबमापकाचा काटा पुन्हा बघायचा होता. हात तेलाने माखलेले. म्हणाले, माझीही चावी लाव, मी आलोच. मेहुण्याने नको म्हटलं, तर दाजींनी टोमणा मारला, "तुझ्या बहिणीने वीस वर्षं मला नजरेखाली ठेवलंय, तू पाच मिनिटांत हरवणार होय?" मेहुणा हसला आणि त्याने दोन्ही चाव्या लावल्या. यंत्र सुरू करण्याआधी नेहमीप्रमाणे तपासणीवाले दोघे बोगद्याला फेरी मारून आले, आत कोणी नाही म्हणाले. दारं बंद झाली.

वर नियंत्रणकक्षात बाई बसल्या होत्या. पापणी लवायच्या आत विरून जाणाऱ्या एका अणुकेंद्रकाचं आयुष्य त्यांना मोजायचं होतं. वर्षभर थांबून मिळालेली यंत्राची वेळ आज संध्याकाळी सहाला संपणार होती आणि महिनाअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

दुपारी घंटा सुरू झाली. दोन मिनिटांनी कण सुटणार.

मेहुणा खाली कपाटांच्या खोलीत बूट बदलत होता. दाजी अजून आले कसे नाहीत, म्हणून त्याने फोन लावला. आणि फोन वाजला तो तिथेच, समोरच्या ट्रेमध्ये. आत जाताना सगळे तिथेच फोन ठेवत.

बाहेर आलेला माणूस आधी फोन उचलतो. तपासणीवाले म्हणाले कोणी नाही, पण दाजी पंपाखाली आडवे झाले असतील तर? कानावर आवाज रोखणारे डबे असतील तर? वर धावत जाऊन सांगायला वेळ नव्हता. भिंतीवर लाल बटण होतं. ते दाबलं की कणांना वळवणारी सगळी चुंबकं बंद पडत, आणि पुन्हा ताळ्यावर यायला आठ तास लागत. बाईंचा दिवस बुडणार. शिवाय चावी कोणी लावली हेही निघणार. आणि दाजी बाहेर असले तर?

घड्याळात नऊ सेकंद उरले होते. त्याने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

घंटा थांबली. दारं उघडली, माणसं आत धावली. प्रत्येक पंपाखाली, प्रत्येक कोनाड्यात बॅटरी मारून पाहिलं. दाजी नव्हतेच. पाऊण तासाने ते भांडाराकडून नवा काटा घेऊन आले. काटा बिघडलेला दिसला म्हणून मेहुण्याच्या पाठोपाठच निघून परस्पर तिकडे गेले होते, फोन विसरून. सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाले, "असे काय बघताय? कोण गेलं?"

मेहुणा वर गेला, बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. चावी मीच लावली, तुमचा दिवस मीच बुडवला, एवढंच त्याला बोलता आलं. बाईंनी बंद पडद्यापुढची टिपणवही मिटली. मग त्यांनी विचारलं, "दाजी सापडले ना?"

"हो."

"मग झालं तर. भरलेली फळी बघून मी निर्धास्त होते हो. ते आत असते आणि तुम्ही तोंड लपवून बसला असतात, तर मी खुशाल मोजत राहिले असते. कशाचं आयुष्य मोजत होते मी?"

दोघांना शिक्षा व्हायची ती झाली, सहा महिने बोगदाबंदी. बाईंनी आपली टिपणवही सहकाऱ्यांच्या हाती दिली आणि महिनाअखेरीस त्या घरी गेल्या.

पुढच्या वर्षी कोणीतरी ते आयुष्य मोजेल. शोधनिबंध छापून येईल, त्यावर बाईंचं नाव बहुधा नसेल. तुमच्या कानावर ती बातमी आली, तर माझी एवढी विनवणी आहे, घटकाभर बाईंची आठवण काढा.