टिपेच्या पोटातली टीप

आमच्या घरात कुठलंही पद म्हणायच्या आधी ते कुणाकडून आलं त्याचं नाव घ्यायची रीत आहे. ती आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घातलेली. सकाळी लिंगपूजा झाली की आम्ही गुरुपरंपरेतली नावं म्हणतो, त्यातलं एकही गाळत नाही. आप्पांचं म्हणणं, पदाचंही तसंच असावं.

शिवरात्रीच्या जागराला बायका म्हणतात ती पदं त्यांनी गावोगाव फिरून लिहून घेतली होती. दुकान माझ्या मालकांवर सोडलं आणि आष्टी, तलवाडा, पाली, जिथं कुणी म्हातारी म्हणणारी आहे असं कानावर आलं तिथं गेले. बाईकडून असं एकटं कसं लिहून घ्यायचं, म्हणून बऱ्याचदा मला बरोबर न्यायचे. प्रत्येक पदाखाली सांगणारीचं नाव लिहीत, आणि त्याच्याही खाली, आणखी बारीक अक्षरात, तिला ते कुणी दिलं त्याचं.

पालीच्या बायनाबाई काही तयार होईनात. अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. सुपावरून नजर न काढता म्हणाल्या, "ते पद माजं न्हाई, आप्पा. माज्या सासूबाईचं हाय. मनकर्णा त्यांचं नाव. त्यांच्या पोटी लेकरू जगलं न्हाई, मला बी न्हाई. आमचं मागं राहायचं ते येवढंच. तुमी ते घिऊन जानार, अन् उद्या कुनी बी म्हननार आमचं हाय म्हनून."

आप्पांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. "तुमच्या दोघींच्या नावाशिवाय हे पद माझ्या हातून कुठं जाणार नाही," म्हणाले.

बायनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पद म्हटलं. 'बेल निवडिते गिरिजा, पान पान पुसूनी.' पार्वती बेल निवडत बसली आहे, किडकं पान काढते, फाटकं काढते आणि शेवटी हातात एकच पान उरतं, तर ते वाहावं की नाही याची तिला शंका येते. मी पुष्कळ पदं ऐकली, पण हे कुठं ऐकलं नव्हतं.

पुढं घरात कॉम्प्युटर आला. दुकानाच्या बिलांसाठी म्हणून आणला होता, पण तो चालवायची माझी धाकटी जाऊ, वर्षाराणी. लग्नाआधी लातूरला तिनं त्याचा कोर्स केलेला. त्याच सुमारास पुण्याच्या अमरनाथनं समाजासाठी इंटरनेटवर एक विकी काढली. अमरनाथ आमच्याच नात्यातला, तिकडं कंपनीत इंजिनियर. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, अशी ती जागा. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. म्हणाले, "कागद वाळवी खाईल. वर्षा, तू हे तिथं घाल."

मी कागद वाचायची, ती टाईप करायची. पदं सरळ गेली. अडलं ते टिपांपाशी. 'सांगणार : बायनाबाई, पाली' ही टीप बसली. पण त्या टिपेवर दुसरी टीप हवी होती, 'त्यांना सासूबाई मनकर्णा यांनी दिलं'. ती आत घातली की पानावर लाल अक्षरं यायची आणि दोन्ही टिपा जायच्या.

"आक्का, हे मशीन खाष्ट सासूसारखं आहे," वर्षाराणी म्हणाली. "सुनेला पोटात काही ठेवू देत नाही."

"आपली सासू खाष्ट होती का?"

"देवाघरी गेल्या, आता कशाला बोलू." आणि आम्ही दोघीही हसलो.

तिनं अमरनाथला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, टिपेच्या पोटात टीप घेत नाही ते सॉफ्टवेअर. दोन्ही नावं एकाच टिपेत लिहा. आणि प्रत्येक टिपेला एक नाव द्या, म्हणजे ती ओळखीनं बोलावता येते."

"पण आप्पांना वेगवेगळ्या लागतात."

"त्यांना काय दिसणारे? पदं आली ना, झालं. खालचं कोण वाचतं?"

तिनं तसं केलं. मधे लाईट जायची, फोनची लाईन तुटायची. मग ती घाईघाईनं साठवून मोकळी व्हायची. पान लांबलचक झालं होतं, खालपर्यंत जाऊन आम्ही काही बघितलं नाही.

वर्षभरानं मठाच्या उत्सवाची स्मरणिका निघाली. त्यात जागराची पदं विकीवरून घेऊन छापली होती. आप्पांना केवढा आनंद झाला. पूजा आटोपून, भस्म लावून, ते ओसरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "बेलाचं वाच."

मी पद वाचलं.

"खालचं वाच."

"सांगणार : ताराबाई, आष्टी."

"पुन्हा बघ बाई. पान चुकलं असंल."

पान चुकलं नव्हतं. मी मागं पुढं चाळलं. सगळ्या पदांखाली ताराबाई, आष्टी. ताराबाईंचं खरं म्हणजे पहिलं एकच पद.

वर्षाराणी कॉम्प्युटरवर बसली. तिथंही तेच. मी विचारलं, "टिपांना नावं काय दिलीस?"

"आप्पा."

"सगळ्यांना?"

"सगळं त्यांनीच आणलं ना. आणि त्यांचं खरं नाव मी कसं लिहिणार, आक्का? तुम्ही तरी लिहिलं असतं का?"

मी नसतं लिहिलं. आजवर तोंडानंही घेतलेलं नाही. एका नावाच्या त्या साऱ्या टिपा मशीननं एकच धरल्या आणि पहिली होती तीच सगळीकडं लावली.

तिनं बसून सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुन्हा ताराबाई. अमरनाथ कंपनीकडून परदेशी गेला होता आणि विकी आता समाजाच्या मंडळातले लोक बघत होते. त्यांचा खाली निरोप होता, बदलाला छापील आधार द्यावा. वर्षाराणीनं लिहिलं की ज्यांनी ही पदं गोळा केली ते आमचे सासरे अजून आहेत, त्यांना विचारा. उत्तर आलं, तोंडी माहिती धरता येत नाही. मग आप्पांनी बीडच्या प्रेसमधून एक पत्रक छापून घेतलं. त्यावर उत्तर आलं, स्वतः छापलेलं चालत नाही, स्वतंत्र ग्रंथ हवा, आणि उपलब्ध असलेल्या स्मरणिकेत ताराबाई असं स्पष्ट आहे.

"पण स्मरणिकेनं आमच्याच पानावरून घेतलं," वर्षाराणी मला म्हणाली, जणू मीच मंडळ होते. "आणि आता आमच्याच पानाला तिचा आधार. कुणाला सांगायचं हे?"

तिनं ते लिहूनही बघितलं. त्याला उत्तर आलं नाही.

त्या वर्षी जागराला मठात माईक लावला होता. बायका स्मरणिका हातात धरून म्हणत होत्या. आप्पांची रीत आता मठातही पोचली होती, म्हणून आधी नाव घेत होत्या. 'ताराबाईचं पद,' म्हणत आणि गिरिजा बेल निवडायला बसे. आप्पा मधेच उठले. मीही प्रसाद न घेता त्यांच्यामागं निघाले.

सोमवारी मी त्यांना घेऊन पालीला गेले. बायनाबाई बाजेवर होत्या, अंगानं निम्म्या झालेल्या. आम्हाला बघून उठायला लागल्या.

"आलं का नाव छापून?" त्यांनी विचारलं. "पोरी सांगत व्हत्या, बुकात आलं म्हनून. मला कुटं वाचता येतंय."

आप्पांनी सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं, मी मधे मधे भर घातली. टीप म्हणजे काय, एका नावाखाली सगळ्या कशा गेल्या, छापील आधार म्हणजे काय. बायनाबाई ऐकत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "ताराबाई कोन?"

"आष्टीची एक. तिलाही हे ठाऊक नाही. वारली."

"मग तिचं तरी बरं झालं." त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "तुमी लिंग हातात घेतलं व्हतं, आप्पा."

"होय."

"मग माघारी द्या माजं पद."

आप्पा मान खाली घालून बसले होते. "आता लोकांच्या तोंडी गेलं ते, बायनाबाई. कसं माघारी देऊ?"

"तुमाला बी देता येत न्हाई, त्यांना बी ते नाव पुसता येत न्हाई. मग शब्द कावून दिलता?"

मला वाटलं निदान आपण तरी काही बोलावं. मी म्हणाले, "मावशी, आमच्या घरात आम्ही तुमच्या दोघींच्या नावानंच म्हणतो."

"तुमच्या घरात किती जनं हायत, बाई?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.

आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी आप्पा पूजेला बसले, भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. गुरूंची नावं म्हणायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मी शेजारी बसून माझी नावं म्हणत होते. माझी संपली तरी त्यांचं पहिलं नाव आलं नाही.